ओल्शिनाचा तास

—नाही हो, तुम्ही लवकर आलात. तुमच्या ग्राबोव्याचा तास यानंतरचा. आत्ता चालू आहे तो ओल्शिनाचा, आणि ओल्शिना म्हणजे मी. हसू नका, विनोद नाही केला, विनोद करायचा दिवस तरी आहे का आज? या, बसा इथे ओसरीत. बाक थंड आहे, पण आतले बाक याहून थंड आहेत, आणि इथून दार उघडं ठेवलं की थडगं दिसतं. टोपली खाली ठेवा, कोणी नेत नाही. आज गावात ज्याच्या-त्याच्या हातात स्वतःची टोपली आहे, दुसऱ्याची उकडलेली अंडी कोण चोरणार! तुम्हीच ना ते, ज्यांनी ग्राबोव्यातलं मास्तरांचं घर घेतलं? वाटलंच मला. बुटांवरून. इथला माणूस एप्रिलात असे बूट घालून चिखलात उतरत नाही. मी वालेन्ती. नगरपालिकेच्या कचेरीत जन्म-मृत्यूच्या खिडकीवर होतो, आता पेन्शनीत आहे, म्हणजे आता मी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला, रांगेत. असो. मी बाहेर का? खोकला आला म्हणून. दोन मिनिटं. प्रभूच्या थडग्यापाशी खोकत बसणं बरं दिसत नाही, नाही का? आणि आत बंबवाले उभे आहेतच राखणीला, ते बघा ना, पितळी हेल्मेटं घालून, हातात कुऱ्हाडी. तेव्हा प्रभू अगदीच एकटा आहे असं नाही. दोन मिनिटांनी जातोच मी आत.

शहरात नसते का ही पद्धत? असेल, पण शहरात गावं नसतात ना. इथे गुड फ्रायडेच्या संध्याकाळी प्लास्टरचा ख्रिस्त थडग्यात ठेवतात, भोवती ओटची रोपं, नार्सिससची फुलं, कागदाचे खडक — ते खडक दरवर्षी तेच, मीच रंगवलेले, जवळून बघू नका — आणि वर सोन्याच्या पात्रात पवित्र साक्रामेंत, म्हणजे आशीर्वादित भाकर, आमच्यासाठी प्रभू स्वतः, पांढऱ्या जाळीच्या कापडाआड. आणि मग तिथे कोणीतरी बसायचं, ईस्टरची मिस्सा सुरू होईपर्यंत. थडगं एक क्षण सोडायचं नाही. त्यासाठी गावागावाला एकेक तास वाटून दिलेला. ग्राबोव्याचा तास, लिपिनचा तास, गिरणीकडच्या लोकांचा तास. माझ्या आजोबांच्या आधीपासून ओल्शिनाचा तास हाच, टोपल्यांच्या आशीर्वादानंतरचा, आणि लहानपणी मी बघितलंय — आमच्या वाडीतली माणसं तीन-तीन बाकांत मावायची नाहीत, पोरं वेदीच्या पायरीवर, बायका भिंतीला टेकून, आणि म्हाताऱ्या असा सूर लावायच्या की ख्रिस्त तिसऱ्या दिवशी का उठला ते कळावं. आता? आता कोण इंग्लंडात, कोण नॉर्वेत मासे भरतंय डब्यात, कोण पोरीकडे शहरात चौथ्या मजल्यावर, आणि बाकीचे तिकडे, भिंतीपलीकडे, क्रूसांखाली. त्यांच्या नोंदी मीच केल्या, माझ्याच अक्षरात. राहिलो दोघं. मी आणि कायेतान. रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो.

हे नवे फादर आहेत ना, चांगला माणूस, तरुण, घाईत — ते गेल्या हिवाळ्यात मला म्हणाले, "काका, ओल्शिनाचा तास ग्राबोव्यात मिसळून टाकू या का? तुम्हालाही त्रास नको." त्रास! मी म्हटलं, फादर, आम्ही दोघं आहोत तोवर नको. ते हसून म्हणाले, "आणि एक झालात तर?" मी म्हटलं, मग त्या एकाला विचारा. असं बोलून गेलो खरा. बोलताना माणसाला वाटतं की तो एक म्हणजे आपण नाही.

मघाशी टोपल्यांच्या आशीर्वादाला होतात ना तुम्ही, पाहिलं असेल काय चाललं होतं ते. लोक येतात, टोपलीवर झाकलेलं फडकं बाजूला करतात — अंडी, सॉसेज, पावाचा तुकडा, मीठ, लोण्याचं कोकरू — फादर पाणी शिंपडतात, कोकराच्या नाकावर थेंब पडला की पोरं खिदळतात, आणि मग जाता जाता थडग्याकडे एक चक्कर. एक गुडघा टेकला न टेकला, छातीवर क्रूस काढला न काढला, की चालले. गाडी चालू ठेवून आलेले असतात काही! मी पाहिलंय. इंजिन गुरगुरतंय बाहेर आणि हे आत प्रभूला सांगतायत, मी आलोच होतो हं. कचेरीत अशी माणसं यायची माझ्याकडे. "साहेब, फक्त एक सही." मी त्यांना सगळ्यात शेवटी घ्यायचो. मुद्दाम. म्हणजे प्रभूही तसंच करत असेल असं नाही म्हणत मी, त्याचा स्वभाव माझ्यापेक्षा बरा आहे असं ऐकून आहे.

मी बसतो. तास म्हणजे तास. घड्याळ काढून खिशात ठेवतो. आणि घंटाही नाहीत ना, प्रभूच्या दुखवट्यात गुरुवारपासून घंटा मुक्या, चर्चचा नोकर नुसती लाकडी फळी वाजवतो — तेव्हा किती वाजले ते कळतच नाही, आणि तेच बरं. तुम्ही बसला आहात कधी असे? नुसते? काही मागायचं नाही, पुस्तक उघडायचं नाही. सांगतो काय होतं. आधी काहीच होत नाही. डोक्यात कचेरी येते, मेलेला साहेब येतो, घरी कोबी उरलाय तो येतो. मग गुडघा बोलायला लागतो. मग कंबर. मग येतो कंटाळा — आणि कंटाळ्याला कमी लेखू नका पाहुणे, बहुतेक लोक तिथूनच उठून जातात, आणि बाहेर जाऊन सांगतात, प्रार्थनेत मन लागत नाही. अहो, मन लागत नाही ती तर सुरुवात! त्या कंटाळ्यात बसून राहायचं, बसमध्ये बसतो तसं. आणि मग कधीतरी — दरवर्षी नाही, खोटं कशाला सांगू — कधीतरी असं होतं की… आई स्वयंपाकघरात काही करते आहे, तिची पाठ तुमच्याकडे, तुम्ही टेबलाशी बसला आहात लहानसे, ती बोलत नाही, तुम्ही बोलत नाही, भांड्यांचा आवाज येतोय. आणि तुम्हाला माहीत आहे की ती आहे. बस. एवढंच. याच्यापुढे मला शब्द नाहीत, आणि मी पुष्कळ वाचलंय, लोकांनी जाडजाड ग्रंथ लिहिलेत यावर, त्यांच्याकडेही नाहीत. फक्त ते कबूल करायला त्यांना सहाशे पानं लागतात.

आज? आज नाही झालं तसं. खोकला होता म्हटलं ना.

बरं, खोकलाच नव्हता नुसता. तिथे थडग्यासमोर गुडघे टेकायला दोन लाकडी घोडे आहेत, दिसतायत ना, शेजारी शेजारी, गादीवर लाल कापड. डावा माझा, उजवा कायेतानचा. इतकी वर्षं. आम्ही बोलत नाही एकमेकांशी — अगदी शब्द नाही, रस्त्यात समोर आलो तर तो कुत्र्याशी बोलतो आणि मी आभाळाशी — पण या एका तासाला तो माझ्यापासून हातभर अंतरावर असतो. त्याच्या काळ्या कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. श्वास घेताना शिट्टी वाजते त्याच्या छातीत, कोळशाच्या खाणीत होता ना तरुणपणी, सिलेशियात. गेल्या वर्षी त्याला ढास लागली, थांबेचना. मी खिशातून खोकल्याची गोळी काढली आणि दोघांच्या मधल्या फळीवर ठेवली. त्याच्याकडे बघितलं नाही हं, समोर साक्रामेंताकडेच बघत होतो. थोड्या वेळानं गोळी नव्हती. कागद तेवढा घडी घालून ठेवलेला. आता याला कोणी बोलणं म्हणेल का? मी तरी म्हणत नाही.

यंदा तो आला नाही.

नाही, चुकवत नाही तो. बर्फात आलाय, ताप असताना आलाय, त्याची बायको ब्रोन्या गेली त्या वर्षीसुद्धा आलाय. मी आत बसलो होतो आणि उजवीकडे नुसतं लाल कापड. दर वेळी दार करकरलं की वाटायचं हा आला. कोण आलं? लिपिनची एक बाई, छत्री विसरली होती. पुन्हा दार. आता? बेकरीवाल्याची पोरगी. असा कसा लागणार कंटाळा! कंटाळ्यापर्यंत पोचायलासुद्धा शांतता लागते माणसाला.

असेल काहीतरी. त्याच्या धुराड्यातून धूर नाही हे मी काल सकाळीच बघितलं. माझी खिडकी समोरच आहे ना, दाढी करताना तिकडेच बघतो, बघतो म्हणजे डोळे कुठेतरी ठेवावे लागतात. तर धूर नव्हता. मी म्हटलं, गुड फ्रायडे आहे, उपवास, काही जुनी माणसं त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. कायेतान तसाच आहे, अतिरेकी. पण काल संध्याकाळीही नाही, आणि रात्री तर दव गोठलं बाहेर, पिंपातल्या पाण्यावर पापुद्रा धरला होता. आज सकाळीही नाही. कोळसा संपला असेल. किंवा गेला असेल कुठे पाहुणा म्हणून. कुठे? तेही खरं. त्याला कोणी नाही. मूल झालं नाही त्यांना. आणि कुत्रा कसा सोडून जाईल? कुत्रा साखळीला आहे. काल दिवसभर भुंकत होता, सबंध दिवस, मला वाचायला बसता येईना, खिडकी लावून घेतली मी. आज सकाळपासून भुंकत नाहीये. म्हणजे खायला मिळालं असणार. म्हणजे कोणीतरी घातलं असणार. म्हणजे तो ठीक आहे — हे सरळ आहे ना, नाही का? मी कचेरीत होतो, मला असं एकातून एक काढता येतं.

का बोलत नाही म्हणजे? ती एक गोष्ट आहे. ब्रोन्या माझी बहीण. कायेतानची बायको. एकच बहीण मला. मी लग्न केलं नाही, दुपारचं जेवण तिच्याकडेच असायचं, रस्ता ओलांडला की टेबल मांडलेलं. मग ती आजारी पडली. सगळ्यांना माहीत होतं कशानं, आणि कुणी नाव घेत नव्हतं. मी कायेतानला सांगून ठेवलं होतं — शेवटचं जवळ आलं की मला हाक मार, नुसती हाक मार, खिडकी उघड आणि ओरड, मी येतो. तर त्या दिवशी दुपारी मी घरात बटाटे सोलत होतो. तिच्यासाठीच, तिला मऊ लागायचे. आणि फाटकातून कायेतान आला, टोपी हातात, आणि म्हणाला, "वालेन्ती, ब्रोन्या गेली." मी म्हटलं, कधी? म्हणाला, मघाशीच. मी म्हटलं, अरे मग हाक? तर तो म्हणतो, "मेणबत्ती तिच्या हातात दिली होती, जपमाळ चालू होती. जपमाळ अर्ध्यात कशी सोडू? ती पुरी केली आणि आलो."

जपमाळ पुरी केली!

रस्ता ओलांडायला काय लागतं? खिडकी उघडायला काय लागतं? माझी बहीण तिकडे शेवटचे श्वास घेतेय आणि हा गुडघ्यावर बसून मणी ओढतोय, एकेक, सावकाश, नीट, काही म्हणजे काही चुकू नये! देवापुढे बसला म्हणून माणूस विसरला. मी त्याला त्या दिवशी सांगितलं, तुझी ती जपमाळ देवानं ऐकली असेल तर मी त्याला ओळखत नाही. हे शेवटचं वाक्य आमच्यातलं. त्यानं टोपी घातली आणि गेला. असल्या माणसाशी काय बोलायचं, तुम्हीच सांगा — जो प्रार्थनेचं कारण पुढे करून…

काय? काय बघताय असे माझ्याकडे?

अहो ते वेगळं होतं. तेव्हा तिथे मरत होतं कोणीतरी. आज — आज कोण म्हणतंय कोणी मरतंय म्हणून? धूर नाही. एवढंच. धूर नसणं म्हणजे काही मृत्यूची नोंद नव्हे, त्याला डॉक्टरचा दाखला लागतो.

आणि मी थांबलो नाही असं नाही. आज येताना त्याच्या फाटकापाशी थांबलोच की. सायकलची चेन उतरली होती. म्हणजे उतरल्यासारखी वाटली. उतरून बघितलं, होती जागेवर. मग उभा राहिलो जरा. अंगणात बादली आडवी पडलेली. पडदे ओढलेले. कुत्रा घराच्या पायरीशी बसला होता, साखळी जेवढी पोचते तेवढी ताणून, दाराकडे तोंड करून. माझ्याकडे बघितलं त्यानं आणि परत दाराकडे. भुंकला नाही. नाही, हाक नाही मारली मी. काय म्हणून मारणार? इतक्या वर्षांनी काय म्हणून हाक मारतो माणूस? आणि जर त्यानं दार उघडलं असतं, धडधाकट, दाढीला साबण लावलेला, आणि म्हणाला असता, "काय रे वालेन्ती, काय हवंय?" — मग? मग काय सांगायचं होतं मी, धूर दिसला नाही म्हणून आलो? म्हणजे रोज बघतोस होय? म्हणून म्हटलं, चर्चमध्ये येईलच तो. तिथे उजव्या घोड्यावर बसेल, छातीतली शिट्टी ऐकू येईल, आणि विचारायची पाळीच येणार नाही. आणि उशीरही होत होता. ओल्शिनाचा तास आणि ओल्शिनाचं कोणीच नाही, हे फादरना दिसलं असतं तर पुढच्या वर्षी आम्ही ग्राबोव्यात. तुम्हाला राग नको, पण ग्राबोव्यात मिसळण्यापेक्षा माणसानं पाखंडी व्हावं.

विचारलं की मी त्याला. कायेतानला नाही हो, त्याला, आतल्या. आज मी फक्त तेवढंच केलं, बाकी एक शब्द नाही. म्हटलं, प्रभू, उठू का? उठून जाऊ का, का बसू? मी तुझ्यापाशी बसलोय, माझा तास आहे, माझ्यामागे बसायला दुसरं कोणी नाही, मी उठलो तर तू एकटा. आणि तिकडे — तिकडे कदाचित काहीच नाही. सांग. आणि नेहमीसारखा थांबलो. घाई नाही केली. वाट बघणं मला जमतं. तर काय? समोर प्लास्टरचा माणूस आडवा, डोळे मिटलेले, आणि वर कापडाआड तो गप्प. आजच्या दिवशी गप्पच असतो म्हणा. शनिवारी तो मेलेला असतो, पाहुणे, सगळ्या वर्षात हा एकच दिवस, आणि मला नेमकं आजच विचारायचं होतं. गेल्या वर्षी काही विचारायचं नव्हतं तेव्हा आईसारखा पाठमोरा उभा होता सबंध तास! म्हणून आलो बाहेर. बसवेना. बसून बसून आयुष्य गेलं माझं, खुर्चीवर, चर्चमध्ये, बहिणीच्या टेबलाशी, आणि आज बसवेना.

तुम्ही काय करताय? फोन कशाला काढलात? अहो, चर्चची ओसरी आहे ही, इथे फोन — कुणाला लावताय? नको. नको हो, उगाच लोकांना सणासुदीचं… ईस्टरच्या आदल्या दिवशी, बायका घरात केक भाजतायत, कोण येणार? आणि तो उठून दारात आला तर हसं होईल माझं सगळ्या परगण्यात. म्हातारा वालेन्ती, धुराडी मोजतो. बंद करा तो. ऐका तरी…

ओल्शिना. हो, ओल्शिना सांगा. नुसतं ओल्शिना नको, दोन आहेत, दुसरं नदीपलीकडे. रस्त्यावरच्या क्रूसापासून उजवीकडे. कायेतान, एकटाच राहतो. वय सांगा माझ्याएवढं. म्हणजे म्हातारा सांगा. घर हिरवं, पत्र्याचं छप्पर, समोर जुनं बर्चचं झाड, अर्धं वाळलेलं. पुढचं दार पावसानं फुगतं, आतून कडी लावत नाही तो, फक्त कुलूप. छाती. छातीचं दुखणं आहे, खाणीतलं, ते सांगा. कुत्रा चावत नाही म्हणावं. ब्रोन्यानं पाळलेला आहे, तोही म्हातारा झाला. काल सकाळपासून सांगा. काल सकाळपासून धूर नाही. हो, शेजाऱ्यानं बघितलं. शेजारी कोण विचारतायत? सांगा शेजारी. नाव कशाला हवं!

झालं? काय म्हणाले? आता शहरातून गाडी निघणार म्हणजे लिपिनच्या पुलावरून यायला… कोण? इथले? इथले कसे, इथले तर आत थडग्याशी —

भोंगा. ऐकलात? आमच्याच बंबखान्याचा. घंटा मुक्या आहेत पण याला कोणी सांगितलं नाही वाटतं आज कोणता दिवस आहे ते.

बघा, बघा त्या बंबवाल्यांकडे. दोघं एकमेकांकडे बघतायत. आता काय करायचं, थडगं सोडायचं? लेशेक बघा, चाळीस पोरांना धाक घालणारा माणूस, शाळेतला शिपाई, कसा गोंधळलाय. अरे कुऱ्हाड ठेव खाली! हां. गुडघा टेकला एकानं, दुसरा विसरला. आले. सोडून आले त्याला. सोडता येतं तर! अरे लेशेक, ते पितळेचं टोपडं तरी काढ, मिरवणूक आहे का? काय? हो, ओल्शिनालाच. ओल्शिनाला कोणाकडे म्हणजे? रस्त्याला दोनच घरं आहेत आणि त्यातला एक मी इथे तुझ्यासमोर उभा आहे!

मी? नाही. तुम्ही जा. बंबात जागा कुठे, आणि माझे गुडघे, मी चढणार कसा — आणि थडग्यापाशी आता कोणी नाही, लेशेक, दिसतंय ना तुला, एकही माणूस नाही, ओल्शिनाचा तास आहे. घर सापडेल तुला. ब्रोन्याच्या दफनाला आला होतास की. दार फोडाल? नको. फोडू नका हं. निळी फुलं काढलीत तिनं त्या दारावर, दर वसंतात नवा रंग द्यायची, त्यानं एकदाही खरवडलं नाही ते… थांब. थांब म्हणतो ना!

गेला. ऐकत नाहीत, घाई सगळ्यांना. पाहुणे, तुमची गाडी आहे ना? तुम्ही जा त्यांच्यामागे. ही किल्ली घ्या. त्याच्या घराची आहे. सरळ घालायची, मग जरा वर उचलायची, मग फिरवायची. लेशेकच्या हातात द्या, म्हणावं फोडू नको. ब्रोन्यानं दिली होती, दुपारी ती बागेत असली तर मी आत जाऊन बसावं म्हणून. परत कुणी मागितली नाही. नाही, नेहमी नसते खिशात. घरी खिळ्याला असते, दाराशी. आज काढली.

सकाळी. हो. फाटकाशी होतो तेव्हा खिशातच होती.

विचारू नका आता काही. जा. टोपली राहू द्या इथे, बघतो मी. जा ना, बंब वळतोय बघा क्रूसाकडे. मी आत बसतो. माझा तास आहे अजून.